पिठातल्या गोगलगायी

रविवारी संध्याकाळी तामूने बरणीवरचं जाळीचं फडकं काढलं आणि आत हात घातला. बरणी स्वच्छ धुतलेली होती. आत काहीच नव्हतं.

"आजोबा, गोगलगायी कुठायत?"

सी मिलूद खुर्चीत बसून मिशा पुसत होता. प्रश्न ऐकताच त्याचं पोट एकदम जड झालं. कारण गोगलगायी तिथेच होत्या.

"कसल्या गोगलगायी, बाळ?"

"बालवाडीतल्या! सगळ्यांच्या! सुट्टीत सांभाळायची माझी पाळी होती ना!"

आता यात सी मिलूदचा दोष किती, ते वाचणाऱ्याने ठरवावं. बरणीत गोगलगायी होत्या आणि तळाशी पीठ होतं. सले गावात कुणालाही विचारा, पिठात ठेवलेल्या गोगलगायीचा अर्थ एकच. आधी तिचं पोट साफ करायचं, मग तिला रश्श्यात सोडायची. मिलूदची छाती थंडीत भरायची, म्हणून त्याची बायको रकिया दर वर्षी असंच करत असे. ती गेल्यानंतरची ही पहिली थंडी. सकाळी सून सुमिया तामूला घेऊन माहेरी गेली. तिने ओट्यावर ठेवलेली बरणी म्हाताऱ्याने पाहिली, तेव्हा त्याला भरून आलं. पोरगी फारसं बोलत नाही, पण लक्ष आहे तिचं.

त्याने शेजारच्या अल्लाल न्हाव्याला हाक मारली. दोघांनी मिळून रस्सा केला. बडीशेप मिळाली, ज्येष्ठमध मिळालं, संत्र्याची सालं मिळाली. मीठ मात्र काही केल्या सापडेना. उभा जन्म त्या घरात गेला, पण मीठ कुठे असतं हे सी मिलूदने कधी पाहिलं नव्हतं.

"गच्चीवर ऊन खायला सोडल्यात," तो आता तामूला म्हणाला.

"गोगलगायी ऊन नाही खात. त्या ओलावा शोधतात. आम्ही बघितलंय."

"मग… सावली खायला सोडल्यात. सकाळी बरणीत असतील बघ."

तामू त्याच्याकडे बघत राहिली. त्याने मान फिरवली. आजी गेल्यापासून तामूला बालवाडीत सोडायचं काम त्याच्याकडे आलं होतं. तिचा हात धरून गल्लीतून जायचं, एवढ्याचसाठी तो सकाळी उठत होता. आपण तिच्या गोगलगायी खाल्ल्या हे तिला कळलं, तर तो हात पुन्हा हातात येणार नव्हता.

रात्री अल्लालने धीर दिला. "घाबरतोस काय! बाजारातून दुसऱ्या आण. गोगलगाय ती गोगलगाय. तिचं तोंड कोण बघतंय?"

सकाळी बाजार उघडायच्या आधीच सी मिलूद गोगलगायवाल्याच्या टोपलीपाशी हजर.

"किती देऊ, हाजी?"

"बालवाडीभर दे."

तामू उठली तेव्हा बरणी भरलेली होती. तिने आत डोकावून पाहिलं आणि दप्तर उचललं. मिलूदला वाटलं, वेळ मारून नेली. वाटेत तिने हातही धरला होता, जरा सैलसर.

बालवाडीच्या नझिहाबाईंची एक रीत होती. कुठल्याच गोगलगायीवर रंगाचा ठिपका नाही की चिठ्ठी नाही. खूण करायची नाही, बघून ओळखायचं. त्यांच्याकडे भिंगं होती, चिमटे होते, कोबीची पानं होती. बरणीतलं ते पीठही मुलांचंच होतं. गोगलगायीला पीठ आवडतं की कोबी, याचा निकाल लागायचा होता. काही आईबाप कुरकुरत, पोरांना अक्षरं शिकवायची सोडून ही बाई किडे दाखवत बसते.

बरणी मध्ये ठेवली आणि मुलं भोवती जमली. मग सगळी भिंगं घेऊन वाकली. सी मिलूद दारातून हळूच निघणार, तेवढ्यात झुहैर म्हणाला,

"यात माझी नाहीये."

"माझीपण नाही. माझीच्या शंखाला ओठापाशी खाच होती," बत्तूल म्हणाली.

"माझीची तपकिरी रेघ मध्येच तुटलेली होती. ही बघा, हिची सरळ जाते," तिसरा म्हणाला.

"सी मिलूद, जरा थांबता का?" नझिहाबाई म्हणाल्या आणि मुलांकडे वळल्या. "काय वाटतंय ते नको. काय दिसतंय ते सांगा."

झाला खटला सुरू! मुलं बरणी सोडून त्याच्याभोवती जमली.

"आजोबांच्या मिशांना बडीशेपेचा वास येतोय."

"त्यांच्या जेलाब्याच्या गळ्याला सेफ्टी पिन लावलीये. माझे बाबा गाडीवर गोगलगायी खातात ना, ते अशाच पिनेने ओढून काढतात."

"बाही पण बघा. रस्सा सांडलाय."

मिलूदने बाही मागे लपवली. मग मागे उभ्या असलेल्या मुलांनी ती नीट पाहून घेतली.

तामू सगळ्यात शेवटी बोलली. "आजोबा कालपासून माझ्याकडे बघत नाहीयेत."

मिलूदने लपवलेली बाही पुढे घेतली. "खाल्ल्या," तो म्हणाला. "मी आणि अल्लालने. मला वाटलं, माझ्यासाठी ठेवल्यात."

"चांगल्या लागल्या?" बत्तूलने मनापासून विचारलं.

"मीठच नव्हतं."

"शंख कुठायत?" झुहैर म्हणाला.

शंख गच्चीत, पुदिन्याच्या कुंडीत टाकले होते. म्हाताऱ्याला परत पिटाळण्यात आलं. तो धापा टाकत पिशवी घेऊन आला आणि शंख चटईवर ओतले. त्याला ते सगळे एकसारखे दिसत होते. पण मुलं खाली बसली, एकेक शंख उजेडात धरून फिरवू लागली आणि बघता बघता ढीग संपला. कुणी भांडलं नाही, कुणाला दोन मिळाले नाहीत. ज्याने त्याने आपापली ओळखली. खाचवाली बत्तूलकडे, तुटक रेघेची तिच्या मालकाकडे. मिलूदने जन्मभर बस चालवली होती, पण रोजच्या उतारूंमधला एकही चेहरा त्याने असा लक्षात ठेवला नव्हता.

नझिहाबाईंना रागवायचं होतं. त्यांनी बोटही उगारलं, पण ते तसंच खाली आलं. शेवटी त्या डोळे पुसत म्हणाल्या, "सी मिलूद, माझी परीक्षा झाली हो. पोरं पास झाली."

तामूच्या तळहातावर एक लहानसा शंख होता.

"ही रकिया," ती म्हणाली.

"आजीचं नाव दिलंस?"

"हो. सगळ्यांचं खाऊन झालं की मगच ही यायची. मग कोपऱ्यात एकटी बसून खायची. आजीसारखी."

सी मिलूद चटईवर बसला. रकिया कोपऱ्यात एकटी जेवायची? तो आठवत राहिला. त्याला फक्त स्वतःचं ताट आठवलं.

शिक्षा मुलांनीच ठरवली. नव्या गोगलगायींपैकी एक आजोबांची, बाकीच्या मुलांच्या. आजोबांनी तिच्यावर खूण करायची नाही. रोज बालवाडीत यायचं, चटईवर बसून तिला बघायचं आणि दुसऱ्या दिवशी बरणीतून ओळखून काढायची.

"ओळखलीत की मग हात धरीन," तामू म्हणाली.

तेव्हापासून रोज सकाळी सी मिलूद भिंग घेऊन बसतो. बघून बघून त्याचे डोळे पाणावतात. मग बरणीतून एक उचलून म्हणतो, "हीच!"

"चूऽऽक!" सगळा वर्ग ओरडतो. "ती अय्यूबची आहे!"

"अरे, गुपचूप एक ठिपका लाव की," अल्लाल म्हणतो.

"लावला असता. पण पोरांना दिसेल ना."

आता त्याला बरंच काही दिसतं. गोगलगायीचे डोळे शिंगांच्या टोकांवर असतात, हे त्याने स्वतः शोधलं आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून अल्लालला भंडावून सोडलं. सुमिया सगळ्यांना वाढून झाल्यावर कुठे बसते, हेही त्याने पाहिलं आणि आपलं ताट उचलून तो तिथे जाऊन बसला. तिने मीठ त्याच्यापुढे सरकवलं.

थंडी सरत आली. तामू गल्लीतून त्याच्या पुढे पुढे चालते, वळणावर थांबून तो येतोय ना ते बघते आणि पुन्हा चालू लागते. आपली गोगलगाय सी मिलूदला अजून ओळखता आलेली नाही.