पंखा म्हणजे कोण?

आवक-जावक विभागातल्या कारकुनाने आयुष्यातली पहिली कथा लिहिली ती डोक्यावरच्या पंख्यावर. पंखा खराच होता. सकाळी बटण दाबलं की खडखड सुरू, ती ऑफिस सुटेपर्यंत. खाली बसलेल्यांना मात्र झुळूक म्हणून लागायची नाही. जे दिसलं ते त्याने लिहिलं. ऑफिसच्या वार्षिक अंकात एक पान रिकामं राहत होतं, म्हणून कथा छापूनही आली.

अंक वाटला त्याच दुपारी टायपिस्टबाई त्याच्या टेबलाशी आल्या.

“भाऊ, छाती लागते हो असं लिहायला,” त्या हळूच म्हणाल्या.

“कसं लिहायला?”

“साहेबांवर.”

साहेब आपल्या मनातही नव्हते, असं कारकुनाने परोपरीने सांगितलं. बाईंनी समजूतदारपणे मान हलवली आणि जाऊन आणखी चौघांना सांगितलं. ‘आवाज फार, वारा नाही’ हे कथेतलं वाक्य बघता बघता सगळ्या मजल्याच्या तोंडी झालं. साहेब मीटिंगमध्ये बोलायला लागले की माणसं छताकडे बघून हसू दाबू लागली.

घरी वेगळीच तऱ्हा. कथा वाचल्यापासून सासूबाईंनी जावयाशी अबोला धरला. दिवसभर खडखड करणारं या घरात दुसरं कोण आहे, एवढं न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही, असं त्यांनी लेकीला ऐकवलं.

शेवटी साहेबांचं बोलावणं आलं. त्यांनी नुकतंच वाचनालयात कथेतल्या प्रतीकांवरचं व्याख्यान ऐकलं होतं.

“पंखा हे प्रतीक आहे,” साहेब म्हणाले.

“नाही साहेब. तो माझ्या डोक्यावरचाच पंखा आहे. येऊन बघा हवं तर.”

“लेखकाला स्वतःला ते कळत नसतं. ते आतून येतं.”

आतलं काढून दाखवायची सोय नव्हती. मग साहेबांनी सहज सांगावं तसं सांगितलं, की परगावच्या गोदामात एका अनुभवी माणसाची गरज आहे.

कारकुनाने घरी येऊन हे सांगितलं. बायकोची शाळेतली नोकरी इथली, मुलीचं परीक्षेचं वर्ष. बायको म्हणाली, “अहो, प्रतीकाने घोळ केला ना? मग प्रतीकानेच निस्तरा.”

ते त्याला पटलं. या वेळी त्याने मुद्दाम, ठरवून प्रतीक घेतलं: एक थोरलं झाड, त्याच्या सावलीत वाटसरू विसावतात, पाखरं घरटी बांधतात. झाड म्हणजे साहेब, हे आंधळ्यालाही दिसावं म्हणून त्याने झाडाला चष्माच काय तो घालायचा बाकी ठेवला. कथा भित्तिपत्रकावर लागली. साहेबांनी ती उभ्या उभ्या दोनदा वाचली.

“थोरल्या झाडाखाली दुसरं काही उगवत नाही. असंच ना?”

“असं कुठे लिहिलंय, साहेब?”

“लिहिलं नाही. तेच तर.”

आता बदली अटळ, असं सगळ्यांनी धरलं. टायपिस्टबाईंनी तर गोदामाकडे उंदीर फार असल्याची माहितीही काढून आणली. पण हुकूम काही येईना. उलट पुढच्या मीटिंगला साहेबांनी प्रास्ताविक केलंच नाही. तुम्ही बोला, असं ते इतरांना म्हणाले. सवय नसल्याने सुरुवातीला कोणी बोलेना. मग एकेक जण बोलू लागला आणि कित्येक दिवस अडलेलं काम चहा यायच्या आत मार्गी लागलं. कारकुनाला बरं वाटलं. थोडी भीतीही वाटली.

त्यानंतर एकदा साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून काही कागद पुढे केले. त्यांनी स्वतः कथा लिहिली होती.

कथा एका गाढवाची होती. ते जन्मभर एका दारातून गोण्या आणायचं आणि दुसऱ्या दारातून न्यायचं. गोणीत काय आहे, याचा त्याला पत्ता नसायचा. काम नसलं की ओरडायचं, आणि आपण गातोय असं त्याला वाटायचं. शेवटच्या पानावर परगावचा एक व्यापारी गाढव मागायला येतो, मालक विचारात पडतो, आणि तिथेच मजकूर थांबला होता.

वाचता वाचता कारकुनाचे कान तापले.

“कशी वाटली?” साहेबांनी विचारलं.

“चांगली आहे, साहेब.” त्याने कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले. “मालक त्याला परगावी पाठवतो, की इथेच ठेवतो?”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

“अजून ठरवलं नाही,” ते म्हणाले.