आजोबांचा वोवो झाला

मुलीला वाचायला घरी मीच शिकवणार, हा निर्णय मी चहाचा पेला खाली ठेवता ठेवता घेतला. पेला टेकायच्या आत तो मागे घेता आला असता, पण समोर बायको बसली होती.

झालं होतं असं, की आमची सेविंच पहिलीत गेली आणि तिच्या ज़मीराबाईंनी पालकांना बोलावून सांगितलं, वर्गात मुलं फार आहेत, तेव्हा रोज थोडं वाचन घरी करून घ्या. मुकद्दस (ही माझी बायको, दवाखान्यात नर्स आहे) म्हणाली, ते मी बघते, तुम्ही फक्त येताना नान आणत जा. आता मी मार्गिलानच्या पाटबंधारे कचेरीतला कारकून. साहेबांना मंत्रालयात काही पाठवायचं असलं की ते मलाच लिहायला बसवतात, कारण माझं अक्षर छापल्यासारखं आहे. अशा माणसाला नान आणायला पाठवायचं?

मुकद्दसने एवढंच विचारलं, "अहो, पण कुठल्या अक्षरांत शिकवणार?"

प्रश्न खोचक होता. माझ्या लहानपणी आमची उझबेक भाषा रशियन वळणाच्या अक्षरांत लिहायचे. मी त्यात तरबेज झालो आणि सरकारने लिपी बदलली. (या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असं मी धरून चालतो.) लॅटिन अक्षरं आली. मुकद्दस माझ्याहून बरीच लहान, ती नव्यात शिकली. आमच्या कचेरीत मात्र अजून सगळं जुन्यातच चालतं, त्यामुळे माझं कधी अडलं नाही. रस्त्यावरच्या पाट्या अर्ध्या अशा, अर्ध्या तशा. त्या कोणी वाचत नाही, दुकानात काय टांगलंय ते बघून आत शिरतात.

मी म्हणालो, भाषा एकच आहे ना, मग झालं.

पहिल्याच दिवशी मी पिठाच्या डब्याच्या झाकणावर खडूने सुरेख मुळाक्षरं काढली. सेविंच बराच वेळ बघत राहिली आणि तिने अदबीने विचारलं, की हे रशियन आहे का. मी म्हटलं, आपलंच आहे. ती म्हणाली, आपलं वेगळं असतं, आणि तिने पुस्तक आणून दाखवलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मी तिला सांगितलं, शहाणी मुलं दोन्ही शिकतात. खरी गोम अशी, की दोन्ही लिप्यांत काही चिन्हं दिसायला जुळी आणि बोलायला परकी. जे नव्यात 'ब', ते माझ्याकडे 'व'. जे नव्यात 'प', ते माझ्याकडे 'र'. नव्यातला 'ह' माझ्याकडे 'न'. पोरीने विचारलं, मग कुठे काय म्हणायचं? मी म्हटलं, बघितलं की आपोआप कळतं. (मला स्वतःला ते अजून कळायचं होतं. कचेरीत फायलीखाली तिचं पुस्तक धरून मी एक धडा पुढे राहायची धडपड करत होतो.)

एकदा बाजारात तिने नानवाल्याची पाटी मोठ्याने वाचली. पाटी जुन्या अक्षरांत होती, पोरीने नव्या पद्धतीने वाचली आणि 'नोन'चं, म्हणजे आमच्या बोलीतल्या नानचं, 'होह' झालं. नानवाला इतका हसला, की त्याने तिला एक गरम नान तसंच दिलं. मीही हसलो. घरी येऊन हौसेने सांगितलं. मुकद्दस हसली नाही. ती म्हणाली, "तो एकदा हसला. वर्गातली पोरं रोज हसतील. मला शिकवू द्या तिला."

मी म्हटलं, मुळाक्षरांचा सण झाला की बघू.

हा सण आमच्याकडे पहिलीच्या मुलांचा असतो. मुळाक्षरं पुरी झाली, की मुली डोक्याला मोठमोठ्या पांढऱ्या फिती बांधून येतात, छातीवर एकेक कागदी अक्षर लावतात आणि पालकांसमोर एकेक वाक्य वाचतात. सेविंचच्या वाट्याला फळ्यावरचं वाक्य आलं, 'बोबो पख्ता एकदी', म्हणजे आजोबांनी कापूस पेरला. सगळं मोठ्या अक्षरांत. तीच, दिसायला जुळी.

ती फळ्यासमोर उभी राहिली. आधी फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान डोलावली. (ती मान मी अजून विसरलेलो नाही.) आणि तिने खणखणीत आवाजात वाचलं, "वोवो रख्ता एकदी."

आजोबांचा कोणी रशियन वोवो झाला आणि त्याने कापूस सोडून भलतंच काहीतरी पेरलं. सभागृह हसलं. वाईट हसलं नाही, पण हसलं. सेविंचने लोकांकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडेच बघत होती, आता मी काहीतरी करीन म्हणून.

मग मी केलं. उठून सांगितलं, की पोरगी चुकलेली नाही, जुन्या पद्धतीने ते असंच वाचतात. ज़मीराबाई फार भल्या. त्या म्हणाल्या, मग या ना वर, तिच्याबरोबर वाचा, तिला धीर येईल.

मी फळ्यासमोर गेलो. कागदावर मला ती अक्षरं येत होती. पण मागे एवढी माणसं बसलेली असली, की प्रत्येक चिन्हाचे दोन्ही उच्चार एकदम तोंडात येतात आणि एकही बाहेर पडत नाही. मी "व..." म्हणालो. पहिल्या रांगेतली एक फितीवाली चिमुरडी हळूच म्हणाली, "काका, ब." मग सगळी रांगच मला सांगू लागली, न हसता, आपण लहान बाळाला चालायला शिकवतो तशी. मी एकेक अक्षर लावत कापूस पेरला. टाळ्या पडल्या. इतकी वर्षं मी छापल्यासारखं लिहिलं, त्याला कधी कोणी टाळी वाजवली नव्हती.

पंचेचाळिशीत टक्कल पडेल याची माणसाने तयारी ठेवलेली असते. निरक्षर होण्याची ठेवलेली नसते.

परतताना सेविंचने माझा हात धरला नाही. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्हाला येत नव्हतं तर सांगायचं ना. मी आईला विचारलं असतं."

मी म्हटलं, मला येतं.

"मग त्या मुलीने का सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी मुकद्दसने माझ्या हातात नानची पिशवी दिली, आणि कणीक मळता मळता पोरीला वाचायला बसवू लागली. वसंत सरायच्या आत सेविंच घडाघडा वाचू लागली. मी खोलीत आलो, की ती पुस्तक जरा आडोशाला धरी. मला वाईट वाटू नये म्हणून.

परवा शेजारच्या हलीमा आजी औषधाच्या डबीतला कागद घेऊन दारात आल्या. गोळी एक घ्यायची की तीन, ते त्यांना पक्कं करायचं होतं. त्यांनी सेविंचलाच विचारलं असतं, पण अक्षरं मुंगीएवढी आणि शब्द डॉक्टरी. मी अंगणात जर्दाळूखाली चहा पीत होतो. सेविंच त्यांना समजुतीने म्हणाली, "आजी, आई कामावरून आली की या. आत्ता घरी वाचता येणारं मोठं कोणी नाही."

"अगं, तुझे बाबा बसलेत की."

"त्यांना फक्त सही येते."

मी तडक उठलो आणि आजींच्या हातून कागद घेतला. पहिलाच शब्द 'ब'ने सुरू होत होता, किंवा 'व'ने. पुढे 'प' होता, किंवा 'र'. चुकलं तर म्हातारी जायची. मी कागदाची व्यवस्थित घडी घातली, परत दिला आणि म्हणालो, "आजी, नेमका चष्मा नाही जवळ."

हलीमा आजी समजल्यासारख्या हसल्या. "राहू दे रे बाबा, मीही सगळ्यांना हेच सांगते," त्या म्हणाल्या, आणि हात पुढे करून त्यांनी माझ्या नाकावरून घसरलेला चष्मा नीट वर सरकवला.