ऐकण्यापुरतं नेट

आमच्या घरात कुणी किती इंटरनेट वापरायचं, हे माझ्या सासूबाई ठरवतात. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर.

राउटर बसवायला आलेल्या माणसानं "ॲप कुणाच्या फोनवर टाकू?" असं विचारलं, तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होते आणि नवरा अंघोळीला गेलेला. सासूबाईंनी आपला फोन पुढं केला. त्या ॲपवर घरातला प्रत्येक फोन, लॅपटॉप दिसतो, कोण किती डेटा ओढतंय तेही दिसतं आणि बोट सरकवलं की ज्याचा त्याचा वेग कमी करता येतो. सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेलेली. त्यांना आणखी काय हवं? पासवर्ड आम्हाला अजून ठाऊक नाही.

माझं ऑफिस हिंजवडीत, पण आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करते. एकदा मीटिंगमध्ये साहेबांचं तोंड उघडलं ते मिटेचना.

"अहो आई, माझी मीटिंग अडकली!"

"अडकली नाही, मी हळू केलीये. पाऊण तासात तू एक शब्द बोलली नाहीस. ऐकण्यापुरतं ठेवलंय."

पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "हिच्या मोबाइलनं सकाळपासून दीड जीबी ओढलं. साड्या बघते. घेत एकही नाही."

पोटच्या मुलालाही सूट नाही. घरात सिमचं नेट धड येत नाही, म्हणून तो मॅच बघायला खाली पार्किंगमध्ये, गाडीत जाऊन बसतो. आमची लेक अन्वी तक्रार घेऊन गेली, की ठरलेलं उत्तर, "लाइन एक, माणसं चार." मी दोनदा भांडले. एकदा संतापून राउटरच बंद केला, तर थंडपणे म्हणाल्या, "काही दुरुस्ती चाललीये का?"

परवा नागपूरला माझी आई पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. अन्वीची परीक्षा चालू, त्यामुळं मला निघता येईना. भावानं दवाखान्यातून व्हिडिओ कॉल लावला. आईचा आवाज आधीच खोल गेलेला, त्यात तो तुटायला लागला. मी खोलीतूनच ओरडले, "अहो आई, आज तरी नको हो!"

मिनिटभरात चित्र स्वच्छ झालं. आईच्या हातावरची सुईची पट्टीसुद्धा दिसायला लागली. आम्ही अर्धा तास बोललो.

बाहेर आले, तर हॉल शांत. सासूबाईंची मालिका मधेच थांबलेली. नवरा लॅपटॉप मिटून बसलेला. घरातलं सगळं बंद करून त्यांनी एकटा माझा फोन चालू ठेवला होता.

"जेवल्या का त्या?" सासूबाईंनी विचारलं.

"थोडी पेज घेतली म्हणे."

मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "उद्या फोन लावलास की मलाही दे. आयुष्यभर लोकांचे फोन जोडले गं. मी हॅलो म्हटलं, की सगळे पलीकडचा नंबर सांगायचे. आताही माझा फोन वाजतो, तो तुम्ही तुमचा उचलत नाही म्हणून."

"उद्या कशाला?" मी म्हणाले आणि तिथंच पुन्हा नागपूरला कॉल लावला. फोन हातात घेण्याआधी सासूबाईंनी घाईघाईनं पदर सारखा केला.