पाळणा क्रमांक एकशे सतरा

शुक्रवारी सकाळी कोंडाबाईंनी आपला पाळणा न्यायला म्हणून नाट्यविभागाच्या सामानखोलीचं दार उघडलं आणि तिथूनच अशी काही हाक मारली, की कार्यालयात बसलेल्या मंगेश मोकलचा अर्धा चहा बशीत गेला.

"ओ मंगेशभाऊ! हे काय करून ठेवलं माझ्या पाळण्याले?"

मंगेश धावत गेला. पाळणा जागेवर होता, चांगला धडधाकट होता. त्याच्या डोक्याकडच्या फळीवर दोन कोरीव पोपट होते आणि पोपटांच्या बरोबर मधोमध पांढऱ्या ऑइलपेंटने ठसठशीत लिहिलं होतं: ना. वि. ११७.

"काही नाही हो मावशी, आकडा टाकलाय," मंगेश म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता, कारण अक्षर खरोखर सुरेख आलं होतं.

आता हा आकडा म्हणजे काय प्रकरण आहे, ते सांगायला हवं. मंगेश अलिबागकडचा. सिल्वासाच्या या विद्यापीठात नाट्यविभागाचा कारकून म्हणून येऊन त्याला सहा वर्षं झाली होती. नाटकातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण सभागृहाचं आरक्षण, हजेरीपट, तिकिटांची छपाई, तलवारींना गंज चढला की खोबरेल तेल, सगळं त्याच्याकडे. दोन वर्षांपूर्वी विभागाचं सिंहासन नाहीसं झालं. आठ दिवसांनी दादऱ्याच्या एका लग्नात नवरदेव त्यावर बसलेला सापडला. तेव्हापासून मंगेशने पक्कं ठरवलं: सामानखोलीत जी वस्तू येईल, तिच्यावर त्याच दिवशी आकडा टाकायचा, नोंदवहीत तिला चढवायचं, आणि फाटकावरच्या नथूला बजावायचं की आकडा टाकलेली वस्तू पासाशिवाय बाहेर जाता कामा नये. "अगदी मी स्वतः नेत असलो तरी सोडायची नाही," असं त्याने नथूला तीनदा सांगितलं होतं. नथू जवळच्या सुरंगी गावचा, सांगितलेलं शब्दशः पाळणारा. एकदा सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

पण एवढं करूनही मंगेशच्या मनात एक सल होता. प्रत्येक नाटक संपलं की विद्यार्थी रंगमंचावर ओळीने उभे राहत आणि ऋणनिर्देश होई. दिव्यांचे आभार, आवाजाचे आभार, मांडववाल्याचे आभार. एकदा तर लाईट न घालवल्याबद्दल वीजखात्याचेही आभार मानून झाले. सहा वर्षांत सतरा प्रयोग झाले, पण मंगेशचं नाव एकदाही आलं नाही. तो शेवटच्या रांगेत टाळ्या वाजवत उभा असे आणि दर वेळी म्हणे, "राहिलं असेल गडबडीत."

तर या नव्या नाटकाला जुना लाकडी पाळणा हवा होता. बाजारात सगळे लोखंडी नळ्यांचे. शेवटी विभागात झाडलोट करणाऱ्या कोंडाबाई पुढे आल्या. त्यांनी शिरपूरकडच्या गावाहून सोबत आणलेला सागवानी पाळणा दिला. या पाळण्यात त्यांचा नवरा झोपला होता, मग मुलगा संजू, मग मुलगी सोनी. सुनेला, गुड्डीला, दिवस भरायला अजून अवकाश होता, तोवर नाटक होऊन जाईल असा हिशेब होता. पण नातू पंधरा दिवस आधीच आला.

"परवा बारसं आहे, भाऊ," कोंडाबाई म्हणाल्या. "धुळ्याहून माझी नणंद येऊन राहिली, कावेरीबाई. ती आधी पाळणा पाहील, मंग नातू. याच पाळण्यात नाव ठेवतात आमच्याकडे. पुसा हा आकडा अन् द्या मले."

आकडा रॉकेलने पुसता आला असता. नोंदवही कशी पुसणार? पानापानावर विभागप्रमुखांची सही होती. आज पाळणा गेला, तर उद्या तपासणीत एकशे सतरा क्रमांकाचा पाळणा कुठे आहे, याचं उत्तर त्यालाच द्यावं लागणार.

तो विभागप्रमुख नलिनी सामंत मॅडमच्या खोलीत गेला. मॅडम टेबलाखाली वाकून काहीतरी शोधत होत्या.

"मंगेश, माझी आरामखुर्ची कुठेय रे? काल दुसऱ्या अंकात होती."

"माहीत नाही मॅडम. तिच्यावर आकडा नव्हता."

"का नव्हता?"

"तुमच्या घरची होती ना, म्हणून टाकला नाही."

मॅडम सरळ झाल्या. पाळण्याचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "आणि पाळणा काय माझ्या घरचा होता? तो कुणाचा, हे विचारलंस का?"

मंगेशने विचारलं नव्हतं. खुर्ची मॅडमची आहे हे त्याला न विचारता ठाऊक होतं. पाळणा कोंडाबाईंनी डोक्यावरून आणून ठेवला, तो मात्र सरळ विभागाचा झाला होता. त्याला मनापासून लाज वाटली. रविवारी काहीही करून पाळणा पोचवायचाच, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं.

आधी त्याने भांडार विभागातल्या नारायणरावांना फोन लावला. वस्तू नोंदवहीतून कमी करायचं काम त्यांचं.

"वापरण्याजोगी नसेल तर करता येते कमी," नारायणराव म्हणाले. "पाळणा मोडलाय का?"

"नाही हो, उत्तम आहे."

"मग मोडून आणा. तीन तुकडे तरी हवेत. समिती बघेल."

"अहो, त्यात बाळ घालायचंय परवा!"

"मग कमी कशाला करताय?" नारायणरावांनी विचारलं, आणि त्यांच्या बाजूने हा प्रश्न अगदी रास्त होता.

दुपारी मंगेशने आयुष्यातलं पहिलं बेकायदा काम करायचं ठरवलं. पाळणा पडद्यात गुंडाळला, अमृता नावाच्या एका धडाडीच्या विद्यार्थिनीला दुसऱ्या टोकाला लावलं आणि दोघं सहज फिरायला निघाल्याच्या आविर्भावात फाटकाशी आले.

नथू स्टुलावरून उठला. "काय हाय साहेब?"

"पडदा आहे रे. धुवायला नेतोय."

नथूने पडद्याचं टोक उलटलं. "पडद्यावर एकशे चार हाय. पास?"

अमृताने झटकन पडदा काढून सतरंजी आणली. सतरंजीवर एकसष्ट होता. मग तिने नाटकातला गालिचा आणला. त्यावर ब्याऐंशी. सामानखोलीत बिनआकड्याची चिंधीसुद्धा सापडेना, इतकं मंगेशचं काम चोख होतं.

"अरे नथू, मी सांगतोय ना, सोड!"

"साहेब, तुमीच सांगितलं होतं, मी नेत असलो तरी सोडू नको. तीनदा सांगितलं होतं."

मंगेश पाळणा घेऊन परत फिरला. कोंडाबाई पायरीवर बसून होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ. लुगड्याची झोळी बांधीन. तुम्ही तरी काय करणार." मंगेशला तिथे उभं राहवेना.

शनिवारी सकाळी तो विभागाच्या नियमांची फाईल घेऊन बसला. पान न् पान वाचलं. अकराव्या पानावर त्याला हवं ते सापडलं आणि तो तसाच मॅडमकडे पळाला.

"मॅडम! विद्यापीठाबाहेरच्या प्रयोगासाठी साहित्य नेता येतं. तुमच्या एकट्या सहीने!"

"प्रयोग कसला?"

"बारसं."

मॅडमनी पेन उघडलं. "नियमात काय काय लागतं?"

नियमात पाच कलाकार लागत होते, एक साहित्यप्रमुख लागत होता आणि विभागप्रमुखांची उपस्थिती लागत होती. पास तयार झाला. प्रयोगाचे नाव: बारसे. स्थळ: रांधा रोडवरची चाळ, खोली क्रमांक नऊ. साहित्य: पाळणा, ना. वि. ११७. परतीची वेळ: प्रयोग संपताच.

रविवारी नथूची सुट्टी होती, तरी तो फाटकावर हजर होता. कोंडाबाईंनी त्यालाही बोलावलं होतं. त्याने पास दोनदा वाचला, अमृतासकट पाचही विद्यार्थी मोजले, मॅडम टेम्पोत पुढे बसल्या आहेत ना ते पाहिलं, आणि मग स्वतःच पाळण्याचं एक टोक धरून तो टेम्पोत चढवला.

चाळीत पाऊल टाकताच कावेरीबाई समोर आल्या. त्यांनी पाळण्याभोवती एक फेरी मारली आणि पोपटांवर बोट ठेवलं. "हे काय वं, कोंडा? पाळण्यावर काय लिव्हलं?"

मंगेशने डोळे मिटून घेतले.

"विद्यापीठात नोंद आहे त्याची," कोंडाबाई ताठ मानेने म्हणाल्या. "वहीत नाव चढवलं. मोठ्या मॅडमची सही आहे. तुमच्याकडच्या पाळण्याची आहे का कुठं नोंद?"

कावेरीबाईंच्या पाळण्याची कुठेही नोंद नव्हती. त्या गुमान आत जाऊन बसल्या.

बारसं झोकात झालं. सोनीने बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत चांगले दणके घातले, आणि सुमित नावाचा तो तेरा दिवसांचा मनुष्य सागवानी पाळण्यात हात वर करून झोपी गेला. प्रयोग म्हटल्यावर विद्यार्थ्यांना राहवलं नाही. ते सवयीने ओळीत उभे राहिले आणि अमृताने ऋणनिर्देश केला. गुड्डीवहिनींचे आभार, संजूभाऊंचे आभार, घुगऱ्या करणाऱ्यांचे आभार, टेम्पोवाल्याचे आभार. टाळ्या. मंगेशही दाराजवळ उभं राहून टाळ्या वाजवत होता. राहिलं असेल गडबडीत.

जेवणं चालू असताना मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीत चुळबुळत म्हणाल्या, "पाठ धरली बाई माझी. ती आरामखुर्ची गेली कुठे, देव जाणे."

"ती मांडववाल्यानं नेली ना," नथू पुरणपोळी मोडता मोडता म्हणाला.

सगळ्यांचे घास हातातच राहिले. "काय?"

"गुरुवारी खेळ संपला, तवा. त्याच्या माणसांनी जे दिसंल ते टेम्पोत भरलं. सोमवारी वापीला लग्नाचा मांडव हाय त्यांचा. खुर्ची गेली, मॅडमच्या घरच्याच समया गेल्या, आकडा नव्हता त्यांच्यावर. पाळणापण चढवला होता. मी आकडा बघितला न् म्हटलं, पास दाखवा. पास नव्हता, तं पाळणा उतरवला."

"अरे, मग सांगितलं का नाहीस?" मंगेश ओरडला.

"तुमी विचारलं कुठं, साहेब?"

कोंडाबाई उठल्या, पदराला हात पुसले आणि अमृताकडे वळल्या.

"पोरी, तुझी यादी अर्धीच राहिली. मी सांगते, तू म्हण. मंगेशभाऊंचे आभार. त्यांनी आकडा टाकला नसता, तर माझ्या सासऱ्याच्या हातचा पाळणा उद्या वापीले कुण्या परक्याच्या मांडवात राहिला असता."

"मावशी, मी चुकून टाकला हो," मंगेश म्हणाला. "तुम्हाला न विचारता टाकला."

"चुकून टाकला, पण टाकला ना? मंग झालं तर! अन् आमच्या नथूभाऊचेही आभार."

अमृताने जीभ चावली आणि खणखणीत आवाजात दोन्ही नावं घेतली. अख्खी चाळ टाळ्या वाजवू लागली. सहा वर्षांत पहिल्यांदाच मंगेशला हात कुठे ठेवावेत ते कळेना. त्याने डोळे पुसले आणि आणखी एक पोळी वाढून घेतली.

निघताना पुन्हा पेच आलाच. पासावर लिहिलं होतं, प्रयोग संपताच परत. मंगेशने घाबरत घाबरत नथूकडे पाहिलं. नथू पाळण्यापाशी गेला, वाकून आत बघितलं. सुमित एक मूठ तोंडाशी धरून गाढ झोपला होता.

"साहेब," नथू हळू आवाजात म्हणाला, "प्रयोग चालू हाय."

आणि तो पायांचा आवाज न करता बाहेर पडला.

सोमवारी मॅडमनी सकाळी सकाळी मांडववाल्याला फोनवरून असं काही झापलं, की दुपारपर्यंत समया आणि खुर्ची हजर झाल्या. खुर्चीच्या हाताला वापीच्या झेंडूची माळ अजून लटकत होती. मंगेशने नोंदवही उघडून एकशे सतराव्या नोंदीपुढे शेऱ्याच्या रकान्यात सुरेख अक्षरात 'प्रयोग चालू' असं लिहिलं आणि वही मिटली.

"मिटू नकोस," मॅडम म्हणाल्या. "ब्रश आण. या खुर्चीवर एकशे अठरा टाक."

मंगेशने रंगाचा डबा उघडला, ब्रश हातात घेतला आणि तो थांबला.

"आधी सांगा मॅडम," तो म्हणाला, "खुर्ची कुणाची आहे?"