अडीच फुटांचं दार

घर बांधताना लोक काय काय चुका करतात, याची मी एक वहीच केली होती. (कचेरीत कारकून असल्यामुळे वही आणि वेळ, दोन्ही भरपूर.) आमच्या कुरुंदा गावातली सगळी नवी घरं हिंडून मी त्रेचाळीस चुका टिपल्या आणि ज्याच्या त्याला तोंडावर सांगितल्या. उकंडरावाच्या नव्या घराची चार-चार फुटांची दारं बघून तर माझं डोकंच फिरलं. घरात माणसं राहणार की म्हशी? त्याच दिवशी ठरवलं, आपली दारं अडीच फुटांची. सुटसुटीत, शहरातल्यासारखी.

माझी बायको सत्यभामा म्हणाली, "दार जरा मोठं ठिवा."

"काहून?"

"माझी धान्याची कोठी आत जायची हाय."

"घर बांधायचं तुला कळतं का मला?"

हे ऐकून जळबा मिस्त्री हसला, म्हणून त्याला वेगळं झापलं.

अठ्ठ्याण्णव साली घर पुरं झालं. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी बैलगाडीतून कोठी आली. सासऱ्यांनी लग्नात दिलेली, लोखंडी, पुरुषभर उंच, तीन फूट रुंद. उभी घालून पाहिली, आडवी घालून पाहिली, तिरपीही घालून पाहिली.

"कोठी बराबर हाय मालक," जळबा म्हणाला. "दारच लहान झालं."

"मग राहू दे अंगणात!"

"आमच्यात आधी धान्य घरात जातं, मग माणसं," सत्यभामा म्हणाली. "कोठी भाईर, तर मी बी भाईर. उद्या पूजेला तुमी एकलेच बसा."

दीडशे पानांचं आवतण गेलेलं, आणि पूजेला मी एकटा! मला भयंकर राग आला. नक्की कुणाचा ते कळेना, म्हणून सगळ्यांचाच आला.

"फोडा भिंत!"

"दारच मोठं करून टाकू ना मालक."

"दार अडीचच राहील! भिंत फोडा आन पुन्हा बांधा!"

नव्या रंगावर पहिला घण बसला, तरी मी चेहरा रागीटच ठेवला. कोठी आत गेली. जळबा तोंड उघडतोय तोच मी कडाडलो, "एक शब्द बोलायचा न्हाई! कोपऱ्यात लावा, भरा, भिंत उभी करा!" (रागात मी थेट गावच्या बोलीवर येतो.) आठ पोती ज्वारी वरून ओतली. दिवस मावळेपर्यंत भिंत पुन्हा उभी राहिली.

सकाळी पूजेत मांडायला ज्वारी काढावी म्हणून सत्यभामा सूप घेऊन गेली. कोठीला दाणे काढायला खाली एक लहानसं तोंड असतं. ते शोधत ती या बाजूनं गेली, त्या बाजूनं गेली.

"जळबा, तोंड कुठंय?"

"भिंतीकडं. काल तेच सांगून राहिलो होतो."

सत्यभामेनं सूप खाली ठेवलं. "फिरवा. तवर मी पूजेला बसत न्हाई."

भरलेली कोठी चौघांना हलेना. वरून बादलीनं उपसत उपसत ज्वारी अर्ध्यावर आली आणि पुढं हात पुरेना. आता कुणीतरी आत उतरायला हवं होतं. वरचं भोक दीड फुटाचं, आणि त्यात मावेल असा घरात एकच किडकिडीत माणूस होता.

मंडप भरला. पाहुणे विचारू लागले, "घरमालक दिसेनात कुठं?"

"कोठीत हायेत," सत्यभामा म्हणाली. "राग उतरला की निघतील."

"मला राग-बिग काही आला न्हाई!" मी आतून ओरडलो.

लोखंडी कोठीतून ते मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.