अलीकडं म्हंजी कुणाच्या अलीकडं?

मुंजाजीला पत्ता सांगायचा तर आधी स्वतःचा द्यावा लागतो. "झेरॉक्सचं दुकान पोस्टाच्या पलीकडं आहे," एवढं कोणत्याही माणसाला पुरतं. मुंजाजी विचारणार, "सर, तुमी कुठून बोलायलाव?" कारण तुम्ही स्टेशनकडून बोलत असाल तर दुकान पलीकडं, आणि बाजाराकडून बोलत असाल तर तेच दुकान अलीकडं. एकदा प्राचार्यांनी फोनवर त्याला उजव्या कपाटातली फाईल आणायला सांगितलं. कपाटाकडं तोंड करून उजवं की पाठ करून, असं याने त्यांनाच विचारलं. प्राचार्य हसले. मी विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी हातात मेमो पडला असता.

मला या माणसाचा हेवा वाटतो, हे आत्ताच सांगून टाकतो. परभणीच्या एका महाविद्यालयात मी संगणक शिकवतो. एमएस्सी झालोय, पुण्यात दोन वर्षं नोकरी केलीय. मुंजाजी आमचा प्रयोगशाळा सहायक. शिक्षण आयटीआय, घरी शेरडं-मेंढरं, रोज ताडकळसहून मोटारसायकलवर येतो. अंगाला लोकरीचा वास असतो आणि पोरं शंका विचारायला माझ्याआधी त्याच्याकडे जातात.

आमच्या कक्षातल्या निम्म्या मशीनवर विंडोज आहे, निम्म्यांवर लिनक्स ही दुसरी प्रणाली. दोन्हींवर एकच फुकटचा टेक्स्ट एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचं साधन. जगभरातले हौशी लोक मिळून तो बनवतात आणि त्याचा कोड कुणालाही दुरुस्त करून पाठवता येतो. हा एडिटर बंद करताना कोणत्या फायली उघड्या होत्या आणि कर्सर कुठं होता, याची यादी लिहून ठेवतो. पुन्हा चालू केला की सगळं होतं तसं समोर मांडतो. पण विंडोजवर झालेली यादी लिनक्सवर नेली की काहीच उघडायचं नाही. फाईलच्या पत्त्यात फोल्डरांच्या मधे जी तिरकी रेघ असते ती एकीकडे डावीकडे कलते, दुसरीकडे उजवीकडे. एवढ्यावरून एडिटर सरळ सांगायचा, फाईल सापडली नाही.

ही चूक मी दुरुस्त करायचं ठरवलं. कारण एकच. ज्याची दुरुस्ती स्वीकारतात त्याचं नाव एडिटर बनवणाऱ्यांच्या नामावलीत कायमचं लागतं आणि मला ते नाव हवं होतं. चार ओळींत काम केलं. दिसेल ती उलटी रेघ सुलटी करायची. पाठवलं, स्टाफरूममध्ये सांगितलं, बायकोने सेलूला माहेरीही कळवलं. तिसऱ्या दिवशी नकार आला. लिनक्सवर उलटी रेघ एखाद्या फाईलच्या नावातलं साधं अक्षरही असू शकते, तुमच्या दुरुस्तीने अशी चांगली नावं बिघडतील, असं त्यांनी फार नम्रपणे लिहिलं होतं. मुंजाजीने ते माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, "सर, यादी कुठून बोलायलीय ते तुमी इचारलंच न्हाई." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग तो स्वतःच बसला. तीन महिने, दुपारच्या सुट्टीत, एका हातात भाकरी धरून. मला कळेना, याला कशाला ही उठाठेव. घरचं विंडोजचं मशीन जळालं आणि आता लिनक्सचं आणलंय, एवढं त्याने सांगितलं होतं. जुनी यादी पेन ड्राइव्हवर फाईलसकट वाचली होती, पण फाईल ती एकच. मी म्हणालो, मुंजाजी, तो एक पत्ता हातानं बदला की, दोन मिनिटांचं काम. त्यावर त्याचं एकच ठरलेलं, "यादीला हात लावायचा न्हाई." एक ओळ बदलायची नाही म्हणून हा गडी अख्खा एडिटर बदलायला निघाला होता. तिकडच्या लोकांना पत्र लिहिताना इंग्रजी शब्द मला विचारायचा. एक शब्द मी मुद्दाम आठवडाभर अडवून ठेवला. लाज वाटते, पण ठेवला.

त्याची दुरुस्ती स्वीकारली गेली. यादी कोणत्या मशीनवर लिहिली ते एडिटरने आधी बघायचं, मगच रेघा फिरवायच्या आणि यादी जिथं ठेवलीय तिथून फाईल शोधायची. नाव लागलं. महाविद्यालयात शाल-श्रीफळ झालं आणि भाषण माझ्याच गळ्यात पडलं. त्यात मी पाच वेळा 'आमच्या विभागाचं यश' म्हणालो.

पुढच्या रविवारी त्याने मला ताडकळसला बोलावलं. नवा एडिटर घरच्या मशीनवर तो माझ्यासमोरच चालू करणार होता. मी गेलो ते खरं सांगायचं तर फजिती बघायला. टेबलावर मशीन होतं आणि वर भिंतीवर त्याच्या आईच्या फोटोला हार. म्हातारी चैत्रात गेली होती.

मुंजाजीने एडिटर चालू केला. एकच फाईल उघडली.

बांडी – काळीची लेक.
मुरकी – बांडीची लेक.
ढवळी –

ढवळीच्या पुढे कर्सर लुकलुकत होता.

"माय शेरडांची वंशावळ लिव्हायची," मुंजाजी म्हणाला. "साठीला टायपिंग शिकली. ढवळी कुणाची ते आठवंना म्हणून बंद करून उठली. मंग बसलीच न्हाई." यादी तिच्या हातून शेवटची झालेली, म्हणून तिला हात लावायचा नव्हता.

मग त्याने एक जुनी गोष्ट सांगितली. मायनं एकदा शेतातून फोन केला, मेंढरं ओढ्याच्या पलीकडं हायती. मुंजाजी ओढा ओलांडून दिवस मावळेपर्यंत हिंडला. मेंढरं घराकडच्या अंगाला होती, कारण मायच पलीकडं उभी राहून बोलत होती. "लय बोलली मला. म्हणली, आधी इचारायचं, माय कुठून बोलायलीय."

मी विचारलं, ढवळी कुणाची लेक ते तुम्हाला माहीत असेल ना, मग लिहून का टाकत नाही?

"माहीत हाय," तो म्हणाला. "लिव्हणार न्हाई." मग पडद्याकडे बघतच म्हणाला, "यादी कुठून आली ते आता एडिटरला कळतंय, सर. माय कुठून बोलायलीय ते कुणाला इचारावं?"

मला आठवडाभर अडवलेला तो इंग्रजी शब्द आठवला.

मायच्या यादीवर काही लिहिलं जाणार नाही अशी सोय त्याने आधीच केली होती. त्याने एडिटर बंद केला. "परत बघा," म्हणाला आणि चालू केला. कर्सर ढवळीच्या पुढे येऊन थांबला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. असं पाच वेळा झालं. मग तो चहा ठेवायला उठला, तर मीच त्याला हात धरून खाली बसवलं आणि म्हणालो, "मुंजाजी, अजून एकदा उघडा."