उजवा पाय, डावा हात

तीन महिने झाले, ललित कॉलेजात चालायला शिकत होता. निदान किशोरशेठ तरी चारचौघांत तसंच सांगायचे. "पोरगं अकराव्या महिन्यात चाललं तेव्हा फुकट चाललं. आता एकोणिसाव्या वर्षी फी भरून चालायला शिकतंय," असं ते घोटीच्या दुकानात तांदळाच्या थप्पीला टेकून म्हणाले की गिऱ्हाईकं खो खो हसायची. शेठही हसायचे, पण खरं सांगायचं तर त्यांना काडीचं कळत नव्हतं. मुलगा अ‍ॅनिमेशन शिकतो, म्हणजे कार्टून काढतो, इथपर्यंत ठीक होतं. पण कार्टूननं दोन पावलं टाकावीत म्हणून चोवीस चित्रं काढायची, आणि ती झाली की आरोही मॅडमनी म्हणायचं, "पायात वजन दिसत नाहीये, पुन्हा काढ." हा कुठला अभ्यास?

एका संध्याकाळी ते घोटीहून नाशिकला, इंदिरानगरच्या फ्लॅटवर परतले, तर हॉलमध्ये ही हसाहस चाललेली. ललितनं टीव्हीला लॅपटॉप जोडला होता. पडद्यावर एक गोल गरगरीत माणूस चालत होता. पोट आधी यायचं, मग मिशी, मग बाकीचा माणूस. उजवा हात गर्दी बाजूला सारल्यासारखा हलायचा. डावा मात्र अंगाला चिकटलेला, काखेत पिशवी धरल्यागत. दर चौथ्या पावलाला तो पँट वर ओढायचा आणि पुन्हा चालू लागायचा. चालत होता, पण पोचत कुठंच नव्हता. आशाबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि लेक निकिता सोफ्यावर आडवी झाली होती.

किशोरशेठ दारातच हसायला लागले. "काय येडं ध्यान हे रे! कोन हे हा? आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी का?"

हॉलमधलं हसणं एकदम थांबलं.

"ते... मॅडम म्हणाल्या, ओळखीच्या माणसाची चाल घ्या," ललित चाचरत म्हणाला. "चेहरा नसला तरी नुसत्या चालीवरून माणूस ओळखू आला पाहिजे. मग मी गॅलरीतून शूटिंग केलं. तुम्ही पार्किंगमध्ये जाताना."

किशोरशेठनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पडद्यावरच्या माणसानं पँट वर ओढली. शेठचा हात स्वतःच्या पट्ट्याकडे निघाला होता, तो त्यांनी वाटेतच थांबवला.

"मी असा चालतो?"

"लग्न झाल्यापासून," आशाबाई म्हणाल्या.

झालं ते एवढंच. पण त्या क्षणी किशोरशेठच्या आयुष्यातून एक गोष्ट निघून गेली आणि ती गेल्याचं त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये कळलं. पोट आत घ्यायचं, पँटला हात लावायचा नाही आणि डावा हात मोकळा सोडायचा, असं ठरवून ते निघाले. डावा हात मोकळा सुटला खरा, पण त्यानं नेमकं जायचं कुठं? डाव्या पायाबरोबर की उजव्या? शेठ थबकले. पन्नास वर्षं आपण हे कसं करत होतो, हे त्यांना काही केल्या आठवेना. मग त्यांनी उजवा पाय टाकला आणि उजवाच हात पुढं गेला. डावा पाय टाकला, डावाच हात. वॉचमन तानाजी उभा राहून सलाम करायचं विसरला.

ते तसेच वर आले. "आशा, चालताना कोनता हात पुढं असतो?"

"मी काय बघत बसले का? आपोआप होतं ते."

"ते आपोआपच होत नाय ना!"

त्या दिवशी दुकानात गोरक्ष हमालानं विचारलं, "शेठ, पायात काटा मोडला का?" दुसऱ्या दिवशी समोरच्या मिलवाल्यानं विचारलं, रात्रीची उतरली नाही का. शेठ बिचारे चहापलीकडे कशाला शिवत नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टर गाठला. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि चालून दाखवा म्हणाले. शेठनी चालून दाखवलं. डॉक्टरांनी बराच वेळ विचार करून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

एरवी ही गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण तीन आठवड्यांनी नामपूरचे पाहुणे निकिताला बघायला येणार होते. मुलगा हर्षल नाशिकलाच नोकरीला होता. पसंती फोटोवर झाली होती, दोघं महिनाभर फोनवर बोलत होते आणि त्याचा फोन आला की निकिता गॅलरीत जाऊन दार लोटून घ्यायची. उरला होता फक्त मुलाच्या वडिलांचा, रावजींचा होकार. आणि मध्यस्थानं बजावून ठेवलं होतं, "रावजी पोरगी बघत नाहीत. ते म्हणतात, पोरगी बायकांनी बघावी, मी तिचा बाप बघतो. दोन मिनिटांत माणूस ओळखतात. तीन स्थळं अशीच परत पाठवली त्यांनी."

"पायाला पट्टी बांधू," ललितनं सुचवलं. "मुरगळला म्हणून सांगू."

"अजिबात नाही," आशाबाई म्हणाल्या. "सिन्नरच्या स्थळानं काय केलं? तुझ्या मामाला दोनदा खोकला आला, तर घरात दमा आहे म्हणून नकार कळवला. लंगडा बाप बघितल्यावर काय म्हणतील?"

मग ललितनं वडिलांना चालायला शिकवायचं मनावर घेतलं. त्यानं वहीतली चालीची चार चित्रं फ्रिजवर चिकटवली. पाऊल टेकलं, गुडघा वाकला, पाय ओलांडला, अंग उचललं. रोज सकाळी हॉलमध्ये बाप पुढं आणि मुलगा मागं, अशी वरात निघायची. "उजवा पाय, डावा हात. डावा पाय, उजवा हात." तोंडानं म्हणत राहिलं की शेठना जमायचं. मध्ये कुणी "चहा घेता का" एवढं जरी विचारलं, तरी सगळं मुसळ केरात.

शेवटी आदल्या दिवशी असं ठरलं की पाहुणे येण्याआधी शेठनी सोफ्यावर बसायचं आणि ते जाईपर्यंत उठायचंच नाही.

पाहुणे अकराला आले. मुलाची आई झुंबरबाई पुढं, हातात मिठाईचा बॉक्स. त्यांच्या मागं हर्षल, आणि हर्षलच्या खांद्यावर हात टाकून रावजी. किशोरशेठनी बसल्या जागेवरून अर्धवट उठून नमस्कार केला आणि पायांवर भार पडायच्या आत ते परत बसले. रावजींनी दारातूनच हात जोडले आणि दाराशेजारी, बूट घालायला ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसकण मारली.

"अहो पाहुणे, तिथं कुठं! इकडं सोफ्यावर या."

"इथंच बरं हे. हवा लागते."

"तिथं चपला हायेत हो."

"चपलांची आपल्याला काय अडचण?"

किशोरशेठचा जीव टांगणीला लागला. जो पाहुणा चपलांपाशी बसतो तो निघायच्या तयारीनंच आलेला असतो. आपल्यात काय खोट दिसली यांना? अजून तर आपण उठलोही नाही! का उठलो नाही, हेच खटकलं? एरवी शेठ उठून गेले असते, हाताला धरून त्यांना सोफ्यावर आणलं असतं. पण उठायचं म्हटलं की कोणता हात, हा प्रश्न आलाच.

निकिता पोहे घेऊन आली. झुंबरबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं, दहा मिनिटांत दोघी सासूसुनांसारख्या गप्पा मारू लागल्या. हर्षलनं ललितला कॉलेजचं विचारलं. रावजी मात्र कांदा, तांदूळ आणि हवापाणी यांपलीकडे बोलेनात. अधूनमधून ते किशोरशेठच्या पायांकडे बघत. शेठ पाय सोफ्याखाली घेत.

जेवण स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं होतं. "चला, पानं वाढलीत," आशाबाई म्हणाल्या.

"आमचं इथंच आणा," दोन्ही बाप एकदम म्हणाले.

मग दोन टीपॉय आले. एक सोफ्यापुढं, एक स्टुलापुढं. हात धुवायला निकितानं तांब्या आणि तसराळं फिरवलं. झुंबरबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काय हो, तुम्ही दोघं काय आज मांडलेले गणपती का? उठा की जरा!" दोघंही कसनुसं हसले आणि जागचे हलले नाहीत.

दोन वाजले, तीन वाजले. पाहुणे उठत नाहीत म्हणून चहा झाला. चहा झाला म्हणून थांबले, थांबले म्हणून पुन्हा चहा झाला. किशोरशेठना हातांचं काय करावं कळत नव्हतं, म्हणून ते प्रत्येक कप संपवत होते. पाचव्या कपानंतर मात्र अशी वेळ आली की लेकीचं लग्नसुद्धा त्यापुढं थांबेना. बाथरूम पॅसेजच्या टोकाला होतं. ललितनं मोजून ठेवलं होतं, अकरा पावलं.

शेठ उठले. ललित झटकन पाहुण्यांच्या मागं जाऊन उभा राहिला आणि ट्रॅफिक पोलिसासारखे हात करू लागला. शेठ मनात म्हणू लागले, उजवा पाय, डावा हात. डावा पाय, उजवा हात. तीन पावलं झकास पडली.

"दादा, काही हवं का?" झुंबरबाईंनी मायेनं विचारलं.

संपलं. पुढची आठ पावलं किशोरशेठनी उजव्याबरोबर उजवा आणि डाव्याबरोबर डावा असे हातपाय मारत पार केली. ललितचे हात वरच राहिले. रावजींचा चेहरा दगडासारखा झाला, आणि निकितानं मान खाली घातली.

बाथरूमचं दार लावून किशोरशेठ बराच वेळ आत उभे राहिले. त्यांना भडभडून आलं. पोरीनं तोंडानं काही सांगितलं नव्हतं, पण हर्षलचं नाव निघालं की तिचा चेहरा कसा उजळतो हे बापाला दिसत होतं. आणि तिचं जमत आलेलं लग्न कशानं मोडलं? बापाला चालता येईना म्हणून! जगात कुणाला हे सांगितलं तर पटेल का? त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि दार उघडलं.

पॅसेजमधून रावजी येत होते. डावा पाय, डावा हात. उजवा पाय, उजवा हात. अगदी हुबेहूब.

किशोरशेठचं टाळकं सटकलं. "रावजी! पोरगी पसंत नसंल तर तोंडानं सांगा. घरी येऊन माझी नक्कल करायची गरज नाय!"

रावजी एक पाय उचललेला तसाच ठेवून भिंतीला धरून उभे राहिले. "नक्कल? मी? भाऊ, आता तुम्हीच माझी नक्कल करत गेले ना! मला वाटलं, आमच्या हर्षलनं तुम्हाला सांगून ठेवलं."

"काय सांगून ठेवलं?"

"तुमच्या निकितानं ती तुमची फिल्म धाडली नव्हती का त्याच्या मोबाईलवर? पोट पुढं, पँट वर?"

शेठनी हॉलकडे पाहिलं. निकिता ओढणीत तोंड लपवत होती.

"पंधरा दिवस झाले," रावजी सांगू लागले. "हर्षलनं ती घरात दाखवली. सगळे हसले, मी बी हसलो. मग आमची ही म्हणते, 'तुम्ही काय वेगळे चालता का?' मी बघाया गेलो, कसा चालतो. अन् बघितलं ते बघितलंच! काय सांगू भाऊ, तवापासून माले बी तोच रोग शे. मार्केटात गेलो नाही. तुमच्याकडे यायचं तर पोराच्या खांद्याला धरून आलो. म्हटलं, सोफ्यापर्यंत चाललो तर तुम्ही म्हणाल, असल्या घरात पोरगी कशी द्यायची?"

"म्हणून चपलांपाशी बसलात?"

"मग? तुम्ही का उठत नव्हते?"

आधी रावजींच्या मिशा हलल्या, मग किशोरशेठचं पोट. दोघं भिंतीला टेकून असे हसू लागले की हॉलमधली मंडळी धावत पॅसेजपाशी आली.

"माणूस दोन मिनिटांत ओळखतो म्हणे तुम्ही," शेठ डोळे पुसत म्हणाले.

"ओळखला ना. आपलाच माणूस निघाला." रावजींनी उचललेला पाय एकदाचा खाली टेकला. "आता लग्नाचं ऐका. वरातीत दोन्ही बाप पुढं चालणार अन् आख्खं नामपूर बघणार. ते आपल्यानं होणार नाही. घोडे तीन सांगा. एक नवरदेवाला, दोन आपल्याले."

हा होकार आहे, हे कळायला घरच्यांना क्षणभर लागलं. मग एकच गलका झाला. झुंबरबाईंनी निकिताला कवटाळलं, ललितनं हर्षलला मिठी मारली. आशाबाई लगबगीनं स्वयंपाकघरातून पेढ्यांचं ताट घेऊन निघाल्या आणि हॉलच्या मधोमध आल्यावर एकाएकी थांबल्या. त्यांनी आधी डाव्या पायाकडे पाहिलं, मग उजव्या. मग हातातल्या ताटाकडे पाहिलं.

"अहो," त्या घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "आधी कोणता टाकायचा?"

किशोरशेठ रावजींकडे वळले.

"पाहुणे, चार सांगा."